सहकुटुंब कॉइल

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोलीत आठही अंगं एकदम टेकायला जागा नाही. कपाटाचं दार बंद असलं तर पाच टेकतात. उरलेली तीन भेटीत.) तुझी कंबर, तुझा खोकला आणि दुकानातला ठिणग्या उडवणारा मेन स्विच, तिघांची खुशाली कळवावी. मी बरी आहे. गिऱ्हाईक आधी गोष्ट सांगत बसतं आणि मोटार शेवटी पिशवीतून काढतं, ते तुला आवडत नाही. म्हणून मोटार आधी काढते.

१. मला इथे परदेशातल्या विद्यापीठात विद्युत यंत्रांच्या वरच्या अभ्यासक्रमाला तात्पुरतं बसू दिलं आहे.
२. त्याआधी जे तीन विषय झालेले असावे लागतात, ते माझे झालेले नव्हते.
३. त्यातले दोन मी परीक्षा देऊन सोडवले.
४. तिसरा विषय यंत्रशाळेतल्या कामाचा. त्याच्या जागी मी तुझं दुकान सांगितलं.
५. विभागाने खात्री करायला तुला फोन केला. तू मला ओळखत नाहीस, अशी नोंद झाली.
६. मग विभागाने मला समोर बसवून मोटारीतली तारेची एक कॉइल गुंडाळायला लावली. ती दहा वेढ्यांनी कमी भरली.
७. येत्या शुक्रवारी विभाग तुला पुन्हा फोन करणार आहे. तू 'हो' म्हणालीस तर मी राहते. 'नाही' म्हणालीस तर मला तो विषय आणि त्याच्यावर उभं असलेलं सगळं सोडावं लागेल.

एवढंच घडलं. ज्याला घाई आहे त्याने इथे थांबायला हरकत नाही. तू थांबणार नाहीस, कारण थांबलीस तर आईला चहा टाकावा लागेल, आणि तिचा चहा तुला आवडत नाही.

हे पत्र मी हाताने लिहून त्याचे फोटो आईच्या फोनवर पाठवते आहे. आईने दुकानात येऊन ते तुला वाचून दाखवावं. तू स्वतः वाचणार नाहीस. तुझा चष्मा तारेसाठी आहे, कागदांसाठी नाही, हे तू वीजबिलाच्या माणसालासुद्धा ऐकवलं आहेस. ऐकताना गुंडाळायच्या मशीनचं हँडल फिरवत राहिलीस तरी चालेल. (आई, यापुढचे कंस मोठ्याने वाचायचे नाहीत. ते मी माझ्यासाठी घातले आहेत.)

आता सविस्तर. इथे प्रत्येक विषयाच्या आधी दुसरा विषय असतो आणि त्याच्याही आधी तिसरा, आणि सगळे एकमेकांचा हात धरून उभे असतात. मी मध्येच रांगेत शिरले. माझी पदवी भौतिकशास्त्राची. म्हणजे मोटार का फिरते ते मला कॉलेजात शिकवलं, आणि फिरत नसेल तर काय करायचं ते तुझ्याकडे कळलं. या दोहोंच्या मधलं, म्हणजे मोटार कागदावर कशी मांडायची, ते राहून गेलं, आणि इथे नेमकं मधलंच मागतात. प्राध्यापक प्रत्येक तासाची सुरुवात 'हे तर तुम्हाला माहीतच आहे' अशी करतात. सगळे मान हलवतात. मीही हलवते. पहिल्या आठवड्यात मान दुखली, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. जे सगळ्यांना माहीतच आहे ते शोधायला मी ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या टेबलावर बसते. आधी कळस मग पाया, असं बांधकाम चालू आहे. कळस अधांतरी बरा दिसतो आहे, पण खालून सारखं कोणीतरी विचारतं की याला आधार कुठे आहे.

विचारणाऱ्या प्राध्यापकांना मी मनात 'सविस्तर' म्हणते, कारण कोणतंही उत्तर दिलं की ते तेवढा एकच शब्द बोलतात. एकदा त्यांनी वर्गात एक मोटार चालू केली. ती नुसती गुरगुरत होती, फिरत नव्हती. कारण काय, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, रुसली आहे. तुझ्या दुकानात मोटारींना तीनच रोग होते, रुसली, तापली आणि मेली, आणि त्या तिघांवर तू अख्खा बाजार सांभाळलास. 'सविस्तर' म्हणाले, सविस्तर. मला सविस्तर रुसणं सांगता येईना. शेजारच्या मुलाने कपॅसिटरचं नाव घेतलं आणि गुण मिळवले. रुसलेल्या मोटारीचा कपॅसिटर बदलायचा असतो हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे, पण रुसवा आणि कपॅसिटर ही दोन नावं एकाच गोष्टीची आहेत, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. (इथे मला सगळं येतं, फक्त दुसऱ्या नावाने येतं.)

तिसऱ्या विषयाचं असं झालं. कामाचा पूर्वानुभव दाखवला तर तो माफ होतो, असं कळलं. मी सांगितलं की शाळेपासून पदवीपर्यंत मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम केलं आहे. हुद्दा विचारला. मी 'सहायक' म्हटलं. (तू मला कधी सहायक म्हटलं नाहीस. तू 'ए, पकड' म्हणायचीस. ते रकान्यात बसलं नसतं.) वरिष्ठ कोण, असं विचारलं. मी तुझा नंबर दिला. नातं विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मी तुला आधी कळवायला हवं होतं, असं आई म्हणेल. कळवायचं कसं? मी निघाल्यापासून तू माझा फोन घेतलेला नाहीस. आईकडून निरोप येतात, की आत्या कामात आहे. तू कामात असतेस हे खरं आहे. तू कामात नसलेली मी पाहिलेलीच नाही, पण पूर्वी तू कामात असतानाही माझ्याशी बोलायचीस.

तर विभागाने तुला फोन केला. नियम असा की भाषा जाणणारा दुभाषा मध्ये ठेवायचा आणि तो उमेदवाराच्या ओळखीचा नसावा. त्यांनी जो शोधला त्याने आपली भाषा बहुधा सरकारी पाट्यांवरून शिकली असावी. कचेरीतल्या बाईंनी मला नंतर ते संभाषण वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'आपण सदर उमेदवारास व्यक्तिशः ओळखता काय?' तू म्हणालीस, 'कोण सदर?' तो म्हणाला, 'आपल्या आस्थापनेत पूर्वी कार्यरत असलेली युवती.' तू म्हणालीस, 'इथं कुणी युवती नाही. मला बक्षीस नको, कर्ज नको, आणि कार्डावरचा नंबर मी सांगणार नाही. फोन ठेव मेल्या.' दुभाषा प्रामाणिक आहे. त्याने शेवटचा शब्दही सोडला नाही. कचेरीत नोंद अशी आहे की, संबंधित व्यक्तीने उमेदवार तेथे नसल्याचे सांगितले, बक्षीस स्वीकारण्यास नकार दिला आणि दुभाषा मृत असल्याचे प्रतिपादन केले. खाली वेगळी ओळ आहे. ओळख : नाही.

पहिल्या तीन गोष्टींवर मी कचेरीत बसून हसले. चौथीवर हसले नाही. तू बँकेचा चोर समजून तसं बोललीस, की फोन माझ्याबद्दल आहे हे कळून तसं बोललीस, हे नोंदीवरून कळत नाही. (दोन्हींचा सूर तुझ्याकडे एकच असतो.)

ओळख नाही, म्हणून प्रात्यक्षिक. 'सविस्तर' म्हणाले, दुकानात करायचीस तशीच एक कॉइल करून दाखव, एकशे वीस वेढ्यांची. यंत्रशाळेतल्या गुंडाळायच्या मशीनला वेढे मोजणारा काटा नाही, आकडे दाखवणारी काच आहे. तंत्रज्ञाने त्या काचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे माझं मी मोजावं. मला बरंच वाटलं. तुझ्या मशीनचा काटा मी जन्मायच्या आधीच बंद पडला होता, आणि तो तू कधी दुरुस्त केला नाहीस, कारण तुझं मोजणं वेगळं.

ते मोजणं मला 'सविस्तर'ना समजावून सांगावं लागलं, म्हणून आता नीट शब्दांत मांडता येतं. दहा वेढे झाले की एक माणूस. आजोबा, आजी, थोरले काका, थोरली काकू, बाबा, आई, धाकटे काका, धाकटी काकू, दादा, ताई, आत्या, मी. बारा माणसं, एकशे वीस वेढे. कारण गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून आकडे बोलतं, किती अश्वशक्ती, किती वाजता, किती होतील, आणि त्या आकड्यांनी आपले आकडे पळून जातात. गिऱ्हाईक आपल्या धाकट्या काकूबद्दल बोलत नाही, म्हणून धाकटी काकू जागेवर राहते. मोटारींची मापंसुद्धा तशीच पडली. कोणाचा पंप 'आईपर्यंतचा', कोणाचा 'दादापर्यंतचा'. पिठाच्या गिरणीवाल्याला तू एकदा तोंडावर सांगितलंस की तुमची मोटार आजीपर्यंतच आहे, आणि तो गिरणी मोडीत निघाल्यासारखा चेहरा करून गेला. बारा माणसांची म्हणजे सहकुटुंब कॉइल. आजोबा गेले त्या वर्षी मी तुला विचारलं होतं की आता कसं मोजायचं. तू म्हणालीस, 'माणूस गेलं म्हणून तार कमी करतात का?' घराच्या वाटणीवरून धाकट्या काकांशी तुझं बोलणं बंद होतं तेव्हाही त्यांचे दहा वेढे त्यांना मिळत होते. फक्त तेवढे दहा तू जरा करकचून ओढायचीस.

मी हँडल धरलं आणि आजोबांपासून सुरुवात केली. पुटपुटत होते, कारण मनात मोजलं की माणसं गळतात हे तूच शिकवलं आहेस. तंत्रज्ञाला वाटलं मी प्रार्थना करते आहे. त्याने आदराने टोपी काढली. मध्येच त्याने विचारलं की ही तार कोणत्या जाडीची आहे. ते विचारायचं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असावं. मी उत्तर दिलं आणि थोरल्या काकूवर परत आले. हात सरळ चालला होता. तार कुठे चढली नाही, कुठे ढिली पडली नाही. शेवट आला, मी तार कापली, टोकं बांधली. तंत्रज्ञाने कॉइल मीटरला लावली, पाहिलं, पुन्हा लावली आणि टोपी घातली. एकशे दहा.

'सविस्तर' रागावले नाहीत. ते कॉइल हातात फिरवत म्हणाले की मोजताना चुकणारा माणूस तीनने चुकतो, सातने चुकतो. बरोब्बर दहाने चुकलेला माणूस चुकलेला नसतो, त्याने काहीतरी वगळलेलं असतं. सविस्तर. तेव्हा मी त्यांना वरची सगळी पद्धत सांगितली. त्यांनी बारा खुर्च्या मांडल्यासारख्या फळ्यावर बारा चौकटी काढल्या आणि विचारलं, यातलं कोण राहिलं? मी म्हटलं, शेवटचं. ते म्हणाले, ते माणूस महत्त्वाचं आहे का? मी म्हटलं, मोटारीवर अवलंबून आहे. त्यांनी बारावी चौकट पुसली नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले की पद्धत विचित्र असली तरी शिकवल्याशिवाय येणारी नाही, तेव्हा कोणीतरी शिकवलं आहे एवढं नक्की. ज्यांनी शिकवलं त्यांना एकदा 'हो' म्हणू दे.

म्हणून शुक्रवार.

मधल्या काळात माझं कसं चाललं आहे, हे तू विचारलेलं नाहीस, पण पत्रात ते लिहायची पद्धत आहे. खोली लहान आहे, स्वच्छ आहे. यंत्रशाळेत हवा खेचणारे मोठे पंखे आहेत, त्यामुळे तिथे वार्निशचा वास येत नाही. मागे सामायिक स्वयंपाकघरात शेगडीची वायर जळली आणि अगदी तुझ्या दुकानासारखा वास सुटला. शेजारीण धावत येऊन खिडक्या उघडायला लागली. मी म्हटलं, राहू दे जरा. तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते. कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान आहे. तिथल्या चौथ्या ड्रायरचं बेअरिंग गेलं आहे आणि तो दुपारच्या वेळी आपल्या जुन्या टेबलफॅनसारखा घरघरतो. मी आठवड्यातून चार वेळा कपडे धुते. माझ्याकडे तेवढे कपडे नाहीत, म्हणून धुतलेलेच नेते. मालकीणबाई मला फार टापटिपीची समजतात. परवा त्या म्हणाल्या, 'आज परत?' आणि मी सवयीने सांगून बसले की तुमच्या चौथ्याचं बेअरिंग गेलंय. त्यांनी आभार मानले. सोमवारी दुरुस्तीवाला येणार आहे. (सांगायला नको होतं.)

आता शुक्रवारच्या सूचना. तुझ्या दुपारच्या चहाच्या वेळी फोन येईल. नंबर लांबलचक असेल आणि सुरुवातीला अधिकचं चिन्ह असेल. तो चोर नाही. दुभाषा तोच आहे. त्याने हे काम स्वतःहून मागून घेतलं, असं कळतं. त्याला मेल्या म्हणू नये. तो 'सदर युवती' म्हणेल तेव्हा ती मी, असं समजावं. प्रश्न दोनच आहेत. ही तुमच्याकडे कामाला होती का? तिला काम येतं का? पहिल्याला 'हो' पुरे. दुसऱ्याला जे खरं असेल ते. तू खोटं बोलावंस अशी माझी अपेक्षा नाही, आणि तुला ते जमतही नाही. टीव्हीवाला त्याची बायको आजारी आहे म्हणून सवलत मागत होता तेव्हाही तू 'बायको परवा बाजारात दिसली' असंच म्हणाली होतीस. फोन उचलताना हँडल थांबवावं, नाहीतर इथे खरखर ऐकू येते.

बाबांना नमस्कार. आईलाही, पण ती वाचतेच आहे. दादा-ताईला आशीर्वाद मागितल्याचं सांगावं, आशीर्वाद फुकट असतात.

तुझी भाची
(हुद्दा : सहायक)

ता. क. डावीकडे हँडल असलेलं ते दुसरं मशीन तू 'स्वस्तात मिळालं' म्हणून घेतलं होतंस. मी इथे कॅटलॉगात पाहिलं. माझ्यासारख्या डावखुऱ्या माणसाचं मशीन कुठेच स्वस्तात मिळत नाही. ते सांगून बनवून घ्यावं लागतं. मी तेव्हा काही बोलले नाही, आता नुसतं नोंदवते. त्याच्या दांड्यात महिन्याला एक थेंब तेल सोडावं. त्याच्यासमोरच्या स्टुलावर कोणी बसत असेल तर ते मला कळवायची गरज नाही. चिंध्यांचं गाठोडं असेल तर कळवावं.

आणखी एक. मी हिशेब करून पाहिला. एकशे वीसच्या मोटारीत एकशे दहा वेढे घातले तर ती जास्त वीज ओढते, तापते आणि वर्षाच्या आत गिऱ्हाईक ती पाठीवर मारून परत आणतं. मी गेल्यापासून तुझी एकही सहकुटुंब मोटार परत आलेली नाही, असं आई सांगते. यावरून दोनच निष्कर्ष निघतात. एक, तू अजून बारा मोजतेस. दोन, बाराव्या जागी तू दुसरं कोणाला घेतलं आहेस. दादाचं लग्न झालं आहे, वहिनी आली आहे, तेव्हा दुसरा निष्कर्ष अशक्य नाही. तो खरा असेल तर मोटारींच्या दृष्टीने योग्यच आहे. वहिनीला तिथून उठवावं असं मी म्हणत नाही. एकशे तीसची एखादी मोटार असतेच.

आणि शेवटचं. (आई, हा कंस मोठ्याने वाच. निघाले त्या दिवशी मी दुकानाच्या दारात बॅग घेऊन उभी होते. तू कॉइल करत होतीस आणि मान वर केली नाहीस. मला वाटलं, कॉइल संपली की करशील. तू मोजत होतीस, दादा, ताई, आत्या, आणि हँडल थांबलं. तू तार कापलीस. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मी निघाले. परवा यंत्रशाळेत माझाही हात तिथेच थांबला. तर आत्या, विचारायचं एवढंच आहे, की ती मोटार कोणाची होती आणि तिला वेढे किती लागतात? एकशे दहा लागत असतील तर तसं सांग. एकशे वीस लागत असतील तर ती परत आली का, ते सांग.)

उत्तर बुधवारपर्यंत यावं. आकडा कळवला तरी चालेल.